समोरचा माणूस

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला आमच्या टीव्हीचं चित्र मिटलं. बंद पडला असता तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण तो बंद पडला नाही. बातम्या देणारी बाई बोलतच राहिली, आणि ती, तिचं टेबल, तिच्या मागचा नकाशा, सगळं मिळून पडद्याच्या मधोमध एक पांढरी आडवी रेघ झाली. वर काळं, खाली काळं.

"व्हर्टिकल गेलं," अण्णा खुर्चीतून म्हणाले. "आधी ब्राइटनेस उतरव. पडदा जळेल."

मी ब्राइटनेस उतरवला आणि तिथेच फरशीवर बसकण मारली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग. सोमवार तीन दिवसांवर होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं त्यांनी टीव्ही दुरुस्त केले. मग बिनपाठीचे चपटे टीव्ही आले, दुकान बंद झालं आणि दुकानातलं सगळं सामान दोन पत्र्याच्या पेट्यांत बसून आमच्या पलंगाखाली आलं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं शाबूत राहिलं, डोकं शाबूत राहिलं, हट्ट तर दुप्पट झाला. डावा हात आणि डावा पाय मात्र गेले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे चार वर्षांत त्यांनी जिना पाहिलेला नाही. त्यांच्यामुळे मीही फारसा पाहिलेला नाही.

माझं वय शेहेचाळीस. लग्न झालं नाही, का झालं नाही ते सांगत बसत नाही. धाकटा भाऊ लांबच्या शहरात असतो, दर रविवारी फोन करतो आणि कुठलं औषध कधी द्यायचं ते मला समजावतो, मी ती औषधं चार वर्षं देते आहे तरी. माझा दिवस सांगायचा तर तो वीस-वीस मिनिटांचा आहे. अण्णा उजव्या हाताने स्टीलच्या ग्लासवर चमचा वाजवतात. पाणी. उशी सरकली. खिडकी लावून घे. खिडकी उघड, गुदमरतंय. कोण होतं दारात? कुणीच नव्हतं, अण्णा. मग आवाज कसला आला? बाजारात गेले तरी माझ्या कानात तो चमचा वाजत असतो, आणि भाजीवाला पिशवी भरेपर्यंत माझा एक पाय घराकडे वळलेला असतो.

फक्त टीव्ही चालू असला की चमचा वाजत नाही. सकाळी बातम्या लागल्या की अण्णा त्या बाईशी भांडतात, दुपारी चर्चा करणाऱ्यांना शहाणपण शिकवतात, मधल्या जाहिरातींत डोळा लावतात. टीव्ही असेपर्यंत घरात मी नसले तरी चालतं, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं. तेव्हापासून त्या डब्याला मी देवासारखं पुसत आले.

आता सोमवारचं. कानात घालायची ऐकण्याची यंत्रं दुरुस्त करणारं एक वर्कशॉप आहे. त्यांना बारीक सोल्डरिंग करणारं माणूस हवं होतं. मी गुपचूप जाऊन परीक्षा दिली. नखाएवढ्या बोर्डावर नऊ टाके मारायचे होते. माझे टाके तिथल्या बाईंनी भिंगातून पाहिले आणि विचारलं, कुठे शिकलात? घरी, म्हटलं. सोमवारी दहा वाजता हजर व्हा, म्हणाल्या, नाही आलात तर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलवू. घरी परत येताना मी तिन्ही मजले पळत चढले, इतक्या वर्षांनी.

अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, माझ्याजवळ कोण बसणार. खालच्या मजल्यावरच्या सिस्टर, म्हणजे निवृत्त नर्सबाई, दिवसभर त्यांच्याजवळ बसायला तयार होत्या. नाही म्हणायला अण्णांकडे कारण नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "जा. टीव्ही चालू असेल तर जा. नुसत्या भिंतीकडे बघत परक्या बाईसोबत मी बसणार नाही. पण टीव्ही चालू असेल, तर माझा शब्द आहे."

अण्णांचा शब्द म्हणजे शब्द. संध्याकाळपर्यंत देतो म्हणाले की गिऱ्हाइकाला टीव्ही संध्याकाळी मिळायचा. आणि आता शुक्रवारी ही रेघ.

भावाने वर्षभरापूर्वी चपटा टीव्ही पाठवला होता. अण्णांनी त्याच्या मागे बघितलं, पुढे बघितलं, आणि म्हणाले, "याला पोट कुठंय? ज्याला पोट नाही त्याचं दुखणं काय कळणार?" दुसऱ्या दिवशी तो खोक्यासकट परत गेला. त्यामुळे जुनाच टीव्ही उघडणं आलं. आणि दुसरा मेकॅनिक शोधायला जाऊ म्हटलं तर या घरात दोन मेकॅनिक बसलेलेच होते.

मी शिकले कशी, ते सांगायला हवं. व्हर्टिकल, म्हणजे चित्र वरखाली पसरवणारा भाग, जाण्याचं कारण शंभरात साठ वेळा एकच असतं, कच्चा टाका. टीव्ही तापतो, थंड होतो, आणि वर्षानुवर्षांनी एखाद्या टाक्याला केसाएवढी चीर पडते. डोळ्याला दिसत नाही. मग टीव्ही चालू ठेवून मागून लाकडी काडीने एकेक टाका दाबत जायचं. खराब टाका दाबला की चीर मिटते आणि समोर चित्र उघडतं. काडी उचलली की पुन्हा रेघ. पण दाबणारा असतो मागे आणि चित्र असतं पुढे. म्हणून इतर दुकानांत टीव्हीसमोर आरसा उभा करत. अण्णांनी आरसा कधी घेतला नाही. मी सात वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की दुकानात स्टुलावर बसायचे आणि समोर काय दिसतं ते ओरडून सांगायचे. अण्णा मला आरसाच म्हणायचे. अजून म्हणतात.

"जे दिसतं ते सांगायचं, वाटतं ते नाही," हा त्यांचा नियम होता. रेघ, हललं, उघडलं, गेलं, एवढेच शब्द. एकदा मी "उघडलं वाटतं" म्हणाले तर त्यांनी काडी खाली ठेवून मला दहा मिनिटं सुनावलं होतं. मागच्या माणसाचा एक हात हजारो व्होल्टच्या शेजारी असतो, तो समोरच्याच्या डोळ्यांवर काम करतो. समोरचा चुकला तर मागचा नुसता बोर्ड भाजत बसतो.

तर शुक्रवारी दुपारी मी टीव्हीची पाठ उघडली. आमची खोली अरुंद आहे, टीव्हीची पाठ दाराकडे आणि तोंड खिडकीजवळच्या अण्णांच्या खुर्चीकडे, त्यामुळे सरकवावं काहीच लागलं नाही. सहा स्क्रू काढले. झाकणाच्या आतल्या बाजूला अण्णांनी चिकटवलेला कागद होता. उघडलेल्या प्रत्येक टीव्हीच्या झाकणात ते पेन्सिलीने लिहीत. तारीख, तक्रार, दोष. खोटं काही लिहायचे नाहीत. त्या कागदावर एका जागी "माझीच चूक, कंडेन्सर उलटा लावला" असं स्वच्छ अक्षरात होतं. त्याखाली तीस वर्षांपूर्वीची एक नोंद होती, "कच्चा टाका. आरशाने पकडला." ती वाचून मला बरं वाटलं होतं, हे आता सांगायला लाज वाटते.

"डावा हात," अण्णा पुढून म्हणाले.

"मागे आहे."

चालू टीव्हीत एकच हात घालायचा, दुसरा पाठीमागे ठेवायचा. दोन्ही हात आत गेले आणि शॉक बसला तर तो छातीतून जातो.

"माझा तर आता कायमचाच मागे आहे," ते म्हणाले. "मी एकदम सुरक्षित."

आम्ही दोघंही हसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसलो असू. मी काडी घेतली आणि पहिला टाका दाबला.

"काय दिसतंय?"

"रेघ."

दुसरा. "रेघ." तिसरा. "रेघ." मी ओळीने पुढे गेले. त्या बोर्डावर व्हर्टिकलच्या भागात सत्तर-ऐंशी टाके असतील. प्रत्येकाला एक "रेघ" आली. शेवटी मान आखडली, उजव्या हाताला मुंग्या आल्या. काडी ठेवून पुढे येऊन पाहिलं तर रेघच होती.

"टाका नसावा," अण्णा म्हणाले. "आयसी बघ."

शनिवारी सकाळी मी पलंगाखालची पेटी ओढली, आयसी शोधला, जुना काढून नवा लावला. रेघ. दोन कंडेन्सर बदलले. रेघ. पुन्हा काडी घेतली, पुन्हा सगळे टाके, पुन्हा "रेघ, रेघ, रेघ." मध्ये त्यांना जेवायला दिलं, तोंड पुसलं, त्यांना उचलून बाथरूममध्ये नेलं, आणलं, आणि परत टीव्हीच्या मागे जाऊन बसले. आतून रेझिस्टरचा जळका वास येत होता आणि पलीकडून ती बाई वाहतुकीच्या बातम्या देत होती. अख्खं शहर कुठेतरी जात होतं, आणि मी खोलीतल्या खोलीत, भिंत आणि पिक्चर ट्यूब यांच्यामधल्या दोन फुटांत बसून होते.

"सगळेच टाके नव्याने मारून टाकते," मी म्हणाले.

"वेडी आहेस का? पस्तीस वर्षांचा बोर्ड आहे. पट्ट्या उचकटतील. सगळे टाके मारणारा मेकॅनिक नव्हे, शिंपी."

बरोबर होतं ते. जुन्या बोर्डावरची तांब्याची पट्टी तापली की सालासारखी सुटते, मग तो बोर्ड संपला. त्यांचं म्हणणं बरोबर होतं म्हणूनच मी गप्प बसले. संध्याकाळी ते म्हणाले, "नसेल होत तर नसेल होत. कशाला जिवाला लावून घेतेस? नोकऱ्या काय येतात आणि जातात."

"माझी एकच आली आहे, अण्णा."

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

कुणाला समोर बसवावं म्हटलं तर सिस्टर मुलीकडे गेल्या होत्या, त्या रविवारी उशिरा येणार होत्या. माझा फोन बटणांचा, त्यात कॅमेरा असून नसल्यासारखा. पण खरं सांगायचं तर दुसरा कुणी हवा असं माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्यात मागे एक माणूस आणि समोर एक माणूस, असंच असतं. फक्त या वेळी आमच्या जागा बदलल्या होत्या.

रविवारी भावाचा फोन आला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मी पाठवला होता तो टीव्ही परत करायला नको होतंस." मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. वर पाहिलं तर बेसिनवरच्या आरशात माझा चेहरा होता. केस पुढून पांढरे, कपाळावर काजळीचा डाग, डोळे तारवटलेले. मी त्या बाईकडे बघत बसले आणि मग मला आरसा दिसला. म्हणजे नुसता आरसा. शेहेचाळीस वर्षांची मेकॅनिकची मुलगी मी, तीन दिवसांत मला ही गोष्ट सुचली नव्हती.

अण्णांच्या डोळ्यांवर माझा संशय नव्हता, हे शपथेवर सांगते. मला वाटलं, दमलेत, अठ्ठ्याहत्तर वर्षांची नजर आहे, चित्र एखाद्या क्षणापुरतं उघडत असेल आणि त्यांच्या पापणीआड जात असेल. स्क्रू काढून मी आरसा बाहेर आणला.

"हे कशाला?" अण्णा म्हणाले.

"तुम्हाला आराम."

"मी आहे ना समोर. आरसा कशाला पाहिजे?"

"असू दे की."

मी आरसा खुर्चीच्या बाजूला स्टुलावर टेकवला, थोडा तिरका केला आणि मागे जाऊन बसले. आता मला पडदा दिसत होता, उलटा, आणि त्याच्या बाजूला अण्णांचा अर्धा चेहरा. डावा हात पाठीमागे. काडी उचलली. पहिली ओळ झाली, काही नाही. दुसरी ओळ. मग मी ट्यूबच्या कॉइलकडे जाणाऱ्या वायरच्या प्लगवर आले. त्याला चार पिना, चार टाके. दुसरी पिन दाबली आणि आरशात चित्र उघडलं.

पूर्ण उघडलं. ती बाई, तिचं टेबल, मागचा नकाशा. निळ्या रंगाचा तिचा कोट मी तीन दिवसांनी पाहत होते.

"रेघ," अण्णा म्हणाले.

मी काडी उचलली नाही. तशीच दाबून धरली. आरशात अण्णांनी पडद्यावरून नजर काढली, आरशाकडे पाहिलं, आणि आमची नजरानजर झाली. चित्राचा निळा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता.

बाई हवामान सांगत होती.

"किती वेळा?" मी विचारलं.

"काय किती वेळा?"

"किती वेळा उघडलं होतं?"

त्यांनी नजर पडद्याकडे वळवली. मग म्हणाले, "सात. शुक्रवारी दोनदा, शनिवारी पाच."

"मोजलंत."

"दुसरं काय होतं करायला?"

मला त्या क्षणी त्यांचा तिटकारा आला. शब्द बदलून सांगत नाही, तिटकाराच. ज्या माणसाला चार वर्षं मी उचलून बाथरूमला नेते, ज्याची नखं कापते, तो माणूस सात वेळा समोर उघडलेलं चित्र बघत खोटं बोलला होता. मी काडी टाकली, टीव्ही बंद केला, ट्यूबमध्ये साठलेली वीज उतरवली, सोल्डरिंग आयर्न तापवलं.

"सरळ सांगायचं होतं," मी म्हणाले. "जाऊ नकोस, एवढंच. मी भांडले असते, पण ऐकलं तरी असतं."

"शब्द दिला होता मी. जाऊ नकोस म्हणालो असतो तर शब्द मोडला असता."

"म्हणून टीव्ही मोडका ठेवलात?"

"टीव्ही चालू असेल तर जा, असं म्हणालो होतो."

"अण्णा, दुकानात तुम्ही मला एका 'वाटतं'साठी दहा मिनिटं बोलला होतात."

त्यांचा उजवा हात डाव्या हाताला चोळत होता, त्या हाताला काही जाणवत नाही तरी. नंतर हळू आवाजात म्हणाले, "तू बाजारात जातेस ना, तेव्हा मी दारातल्या तुझ्या चपलांच्या जागेकडे बघत बसतो. वीस मिनिटं. आता आठ तास म्हणतेस. मला भीती वाटली गं. आणि ती सांगायची लाज वाटली."

हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर मी विरघळले असते. तेव्हा विरघळले नाही. दुसऱ्या पिनेवर टाका मारला, फुंकर घातली, टीव्ही लावला. चित्र उघडलं आणि उघडंच राहिलं. मग झाकण उचललं, आतल्या कागदावर पेन्सिल टेकवली आणि लिहिताना त्यांना ऐकू जाईल असं एकेक शब्द वाचत गेले. "तक्रार, रेघ. दोष, कॉइलच्या प्लगचा कच्चा टाका. तीन दिवस सापडला नाही, कारण समोरचा माणूस खोटं बोलला."

वाटलं, आता तरी चिडतील. चिडले नाहीत.

"बरोबर लिहिलंस," अण्णा म्हणाले. "तारीख टाक."

मी तारीख टाकली आणि सहाच्या सहा स्क्रू आवळले.

सोमवारी सकाळी आम्ही कामापुरतंच बोललो. मी त्यांची आंघोळ उरकली, दाढी केली, खुर्चीत बसवलं, टीव्ही लावला. चमचा आणि ग्लास हाताशी ठेवला. सिस्टर नऊ वाजता विणकामाची पिशवी घेऊन आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. मी माझा डबा भरला, साडी तीनदा सारखी केली आणि दाराशी जाऊन चपला घालायला वाकले. तिथून टीव्हीची फक्त पाठ दिसते. पलीकडे अण्णांचं डोकं आणि सिस्टरांचा खांदा. बाई बातम्या देत होती.

राग होता अजून. पण पायात चप्पल घालून झाली तरी पाय उचलेना. मी उभी राहिले आणि विचारलं, कसं कोण जाणे, दुकानातल्याच आवाजात.

"अण्णा, काय दिसतंय?"

थोडं थांबून ते म्हणाले, "चित्र."

"पूर्ण?"

"पूर्ण आहे. निळा कोट घातलाय तिने. जा तू, उशीर होईल."

मी गेले. जिना उतरताना मला वाटत होतं, आता चमचा वाजेल. पहिल्या मजल्यापर्यंत तर मी तो ऐकतच उतरले. वाजला नाही. रस्त्यावर आले तेव्हा छातीवरचा दगड उतरल्यासारखा वाटला, आणि पुढच्या चौकात मी चक्क एका दुकानाच्या काचेत स्वतःकडे बघून हसले.

दिवस कसा गेला ते सांगत नाही. एवढंच सांगते की मी अकरा यंत्रं दुरुस्त केली, आणि दुपारी चार वाजता लक्षात आलं की मी तासभर घराचा विचारच केला नव्हता. त्यावर अपराधी वाटलं, मग अपराधी वाटल्याचा राग आला.

पावणेसहाला घरात शिरले. आधी टीव्हीची पाठ दिसली, आवाज चालू होता. सिस्टर दारातच भेटल्या, पिशवी खांद्याला लावून तयार. अण्णा खुर्चीत झोपले होते.

"एकदाही चमचा वाजवला नाही त्यांनी," सिस्टर म्हणाल्या. "औषध घेतलं, जेवले. पण बाई, तो टीव्ही तेवढा बघ हं. दिवसभर नुसती एक रेघ. मला तर डोळ्यापुढे ती रेघच दिसतेय."

"रेघ? कधीपासून?"

"सकाळपासून. तू चपला घालत होतीस ना, तेव्हाच झाली ती. मी तुला हाक मारणार होते, तर यांनी तोंडावर बोट ठेवलं. मग तू गेल्यावर मला म्हणाले, ब्राइटनेस तेवढा उतरवा, पडदा जळतो."

मी पुढे जाऊन पाहिलं. काळ्या पडद्यावर मंद, केसासारखी बारीक रेघ होती, आणि तिच्यातून कुणीतरी पिकांच्या भावांबद्दल बोलत होतं. त्या रेघेसमोर अण्णा आठ तास बसले होते. निळा कोट त्यांनी आठवून सांगितला होता.

चूक माझी होती. प्लगला चार पिना होत्या. रागाच्या भरात मी सापडलेली एक पिन पक्की केली आणि शेजारच्या तिघींकडे पाहिलंसुद्धा नाही. नवखा मेकॅनिकही असं करत नाही.

सिस्टर गेल्या. मी टीव्ही बंद करून पाठ उघडली. स्क्रूच्या आवाजाने अण्णा जागे झाले.

"आलीस," ते म्हणाले. मग माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर पाहून खिडकीकडे बघू लागले. "कसं होतं तिथे?"

"चांगलं होतं."

"उद्या किती वाजता निघायचंय?"

"नऊला."

"मग आत्ताच बघून घे. आरसा तिथे भिंतीला टेकवलाय बघ. आण."

"आरसा नको," मी म्हणाले. "तुम्ही सांगा."

मी टीव्ही लावून मागे बसले, डावा हात पाठीमागे घेतला आणि पहिली पिन दाबली. रेघ, ते म्हणाले. दुसरी, काल मारलेली. रेघ. तिसरी पिन दाबली तेव्हा त्यांचा आवाज यायला थोडा वेळ लागला.

"उघडलं," अण्णा म्हणाले.

मी पुढे जाऊन खात्री केली नाही. टीव्ही बंद करून तिसरी पक्की केली, मग चौथी, आणि दुसरी पुन्हा एकदा. झाकण उचललं. कालची नोंद समोरच होती, रागाने दाबून लिहिलेली, पेन्सिलीने कागद खरवडलेला. तिच्याखाली मी लिहायला लागले आणि वाचायलाही.

"तक्रार, पुन्हा रेघ. दोष, त्याच प्लगची तिसरी पिन, पाहायची राहिली, माझीच चूक. दिवसभर कळलं नाही, कारण..." कालचेच शब्द होते, तेच लिहिले. "कारण समोरचा माणूस खोटं बोलला."

मी पेन्सिल उचलली नाही.

"तारीख टाक," अण्णा म्हणाले.